फिगर शेल्फवरून सारखी पडते? गुडघ्यात गोंद घालण्याआधी हे तपासा

"मावशी, गुडघ्यात फेविक्विक घालू का?"

शेजारचा आठवीतला मुलगा दारात उभा होता. हातात स्पायडर-मॅनची सहा इंची फिगर, म्हणजे हात-पाय सांध्यांत वाकवता येणारी बाहुली. आठवड्यात चौथ्यांदा फळीवरून पडला होता आणि या वेळी कपाळावरच्या लाल रंगाचा टवका निघाला होता. मी फिगर घेतली आणि स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उभी केली. खाली वाकून डोळे ओट्याच्या पातळीला आणले, तर डावी टाच ओट्याला टेकलेलीच नव्हती. वर्तमानपत्राचा कपटा तिच्याखालून आरपार गेला. गुडघा मात्र ठणठणीत होता. त्यात गोंद गेला असता तर चांगला सांधा कायमचा आखडला असता आणि फिगर पडायची ती पडलीच असती.

गेली कित्येक वर्षं मी सुपरहिरोंच्या फिगर जमवते, त्यांचे रिव्ह्यू लिहिते आणि ओळखीपाळखीच्यांच्या दुरुस्तही करून देते. सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच: "उभीच राहत नाही." आणि बहुतेक जण पहिला संशय घेतात तो सांध्यावर. माझा अनुभव उलटा आहे. सांधा सगळ्यात शेवटी तपासायचा. त्याच्या आधीचे उपाय फुकटातले आहेत आणि त्यांनी काही बिघडत नाही. सांध्यात गेलेलं फेविक्विक मात्र परत काढता येत नाही.

चुकून फिगर निकामी झाली तर दुसरी घेऊ, असं म्हणणंही आपल्याकडे सोपं राहिलेलं नाही. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. हातात आहे ती फिगर सांभाळणंच परवडतं.

आधी पडण्याची तऱ्हा बघा

फिगर कशी पडते, कधी पडते, कुठल्या बाजूला पडते, हे दोन-तीन दिवस नीट बघितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

एकटी पडत नाही, शेजारच्या दोघा-तिघांना घेऊन पडते किंवा वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या फिगर पडतात: दोष फळीचा किंवा हादऱ्याचा.

उभी केल्याबरोबर पडते, पण वेगळ्या पोजमध्ये राहते: तोल चुकलाय.

रात्री सरळ असते, सकाळी किंचित कललेली दिसते, दोन दिवसांनी पडते: पाय वाकलाय किंवा घोटा हळूहळू सरकतोय. एप्रिल-मेच्या दुपारी हे जास्त होतं, कारण पाय ज्या पीव्हीसीचे असतात ते उष्णतेने नरम पडतं.

पुढे पडत असेल तर बहुधा गुडघे किंवा घोटे, मागे पडत असेल तर टाच किंवा मागच्या केपचं वजन, आणि बाजूला कलत असेल तर घोट्याची डावी-उजवी हालचाल सैल असू शकते.

पडत नाही, पण पाय आपोआप फाकत जातात आणि फिगर हळूहळू खाली बसते: खुबे सैल आहेत. वर सांगितलेल्या सगळ्यांत हे एकच लक्षण असं आहे, की ते दिसलं की सांध्यावरचा संशय बहुतेक खरा ठरतो.

फिगर नवी असेल आणि परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर पुढचं काहीही करू नका. फोटो काढा, व्हिडिओ काढा, विक्रेत्याला कळवा. एकदा गरम पाणी किंवा गोंद लावला की परतीचा हक्क गेला.

फळी, पंखा आणि लोकल

आमची इमारत रुळांपासून दोनशे पावलांवर आहे. फास्ट लोकल गेली की काचेच्या फळीवरचं पाणी थरथरतं. हे मी पाण्याची वाटी ठेवून बघितलंय, तुम्हीही बघा. वॉशिंग मशीन पिळायला लागली, शेजारच्या खोलीत मिक्सर फिरला, दार आपटलं, की वाटीतल्या पाण्यावर वलयं उठतात का? उठत असतील तर गुळगुळीत काचेवर फिगरचे तळवे रोज केसभर सरकतात. एक दिवस कडा येते.

फळीचा उतार बघायला गोटी पुरते. ती सोडली आणि एकाच बाजूला पळाली तर फळीच्या आधाराखाली पुठ्ठ्याची घडी सारा. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळीदार मॅट फळीवर घातली तर सरकणं थांबतं. फक्त ती मॅट आणि फिगर यांच्यामध्ये एक साधा कागद ठेवा, कारण नरम प्लास्टिक नरम प्लास्टिकला महिनोन्महिने चिकटून राहिलं की एकमेकांचं तेल शोषतं आणि तळव्यावर डाग पडतो. पोस्टर चिकटवायची पुट्टी वापरायची तर तिळाएवढी, फक्त तळव्याखाली, आणि तीही महिन्याभरात बदलायची.

कापडी केपवाल्या बॅटमॅनला पंख्याखाली ठेवू नका. केप शिडासारखी फुगते. मी एका संध्याकाळी खुर्ची टाकून समोर बसले होते, तेव्हा डोळ्यांदेखत तो मागे झुकला आणि गेला.

ओळंबा

गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंब्याने बघतो. तीच युक्ती इथे चालते. शिवणाच्या दोऱ्याला एक छोटा नट बांधा. फिगर बाजूने बघत दोरा तिच्या छातीच्या मध्याशी धरा आणि नट खाली लोंबू द्या. नट दोन्ही तळव्यांच्या मधल्या जागेवर यायला हवा. चवड्याच्या पुढे गेला तर ती पुढे पडणार, टाचेच्या मागे गेला तर मागे. समोरूनही एकदा बघा.

सहा-सात इंची फिगरची गंमत अशी, की छाती, खांदे, केस, केप असं सगळं वजन वर आणि खाली दोन इवलेसे तळवे. त्यात हातात हातोडा दिला की मध्य आणखी सरकतो. उपाय: एक पाय किंचित पुढे, एक मागे, दोन्ही गुडघे अगदी थोडे वाकलेले, कंबर किंचित विरुद्ध बाजूला. सैनिकासारखं सावधान उभं केलं तर फिगरला चूक सावरायला जागाच उरत नाही.

आणि तळवे सपाट टेकवा. पाय फाकवले की घोटा तेवढाच आत वळवावा लागतो, नाहीतर फिगर तळव्याच्या कडेवर उभी राहते. बऱ्याच फिगरना घोट्याची ही बाजूची हालचाल असते, पण लोक ती वापरतच नाहीत. कपट्याची चाचणी दोन्ही टाचा आणि दोन्ही चवड्यांखाली करा.

वाकलेला पाय

मी केलेल्या दुरुस्त्यांतल्या निम्म्याहून जास्त इथेच संपल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फिगर खोक्यात प्लास्टिकच्या साच्यात कोंबलेली असते. कारखाना, जहाज, गोदाम, टेम्पो असा प्रवास उन्हातून होतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं रसायन मिसळलेलं असतं. असं प्लास्टिक उष्णतेत दबलं की दबलेल्या आकारातच थंड होतं. शेल्फवरही तेच घडतं: तोल किंचित एका पायावर असला तर तो पाय आठवड्यागणिक थोडा थोडा वाकत जातो. सांधा जागच्या जागी असतो, पण नडगीच धनुष्यासारखी झालेली असते. लोकांना वाटतं गुडघा सैल झाला.

बघायचं असं: फिगर टाइलवर ठेवा, दोन्ही पाय सरळ करा, डोळा टाइलच्या पातळीला आणा. दोन नडग्यांची तुलना करा. तळव्याचा मधला भाग वर उचलला गेलाय का, तेही बघा.

आता गरम पाणी. उकळी आली की गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. खळखळत्या पाण्यात कधीही घालू नका, रंगाला आणि बारीक भागांना ते सोसत नाही. फिगर धडाला धरून वाकलेला पाय तेवढा तीसेक सेकंद बुडवा. बाहेर काढून बोटांनी हळू सरळ करा. पाय नरम झाला असेल तर जोर लावावाच लागत नाही. जोर लागतोय असं वाटलं तर पुन्हा बुडवा. सरळ धरलेल्या स्थितीतच बर्फाच्या पाण्यात पूर्ण एक मिनिट ठेवा. हा एक मिनिट बहुतेक जण गाळतात आणि मग पाय पुन्हा वाकतो. गार झाल्याशिवाय प्लास्टिक नवा आकार धरत नाही.

एखादा भाग गरम पाण्यातही नरम होत नसेल तर तो बहुधा एबीएसचा, म्हणजे जास्त कडक प्लास्टिकचा आहे. एबीएसला मऊ व्हायला याहून जास्त उष्णता लागते. तो वाकवायला गेलात तर मोडेल, म्हणून तिथे थांबा. दिवे लागणाऱ्या, बॅटरीच्या, कापडी किंवा रबरी पोशाखाच्या आणि कागदी स्टिकर असलेल्या फिगर पाण्यात घालायच्याच नाहीत. लहान मूल मदतीला असेल तर पाण्याचं काम मोठ्याने करायचं.

झाल्यावर फिगर उलटी करून पंख्याखाली रात्रभर वाळवा. सांध्यात पाणी राहतं आणि काही जुन्या फिगरच्या गुडघ्यातल्या धातूच्या पिना गंजतात.

शेजारच्या स्पायडर-मॅनचा डावा पाय दोनदा बुडवावा लागला. तिसऱ्यांदा तपासलं तेव्हा टाचेखाली कपटा अडकला.

सांधा खरंच सैल आहे का?

एवढं सगळं करूनही पडत असेल तर आता सांध्याकडे या. पण कुठला सांधा, ते आधी ठरवा. फिगर कमरेत धरून आडवी करा, मांडी जमिनीला समांतर. नडगी आपल्या वजनाने गळून पडली तर गुडघा सैल. पूर्ण पाय गळला तर खुबा. घोट्यासाठी पाय उलटा धरून तळवा हलवा आणि सोडा, सोडला तिथे राहायला हवा.

मग सांध्याची जात ओळखा. वाकवताना कट-कट आवाज येतो तो रॅचेटचा, म्हणजे आत दाते आहेत. आवाज न करता फिरतो तो घर्षणाचा: गोळा आणि वाटी, किंवा खुंटी आणि भोक. दात्यांच्या सांध्यात कुठलाही गोंद घालू नका. दाते झिजले असतील तर गोंदाने ते पुन्हा उगवत नाहीत, उलट दोन दात्यांमध्ये अडकून सांधा आडमुठा होतो. तिथे पाय एक कट सरळ करायचा आणि स्टँड द्यायचा. त्यात कमीपणा काहीच नाही. मॅकफार्लेनच्या सात इंची डीसी फिगरसोबत चकती येते, मॅफेक्ससोबत वळणाऱ्या दांडीचा स्टँड येतो, हॉट टॉइजच्या एक-षष्ठांश (म्हणजे माणसाच्या उंचीच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या) फिगरसोबत तर स्टँड असतोच. मार्व्हल लेजेंड्ससोबत बहुधा काही येत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार जास्त. स्टँड विकत घेताना तळव्यातलं भोक मोजून घ्या. खुंटी जाड निघाली आणि दाबून बसवली तर तळवा चिरतो.

घर्षणाचा सांधा असेल तर पहिला उपाय धुण्याचा. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना टूथब्रश. कारण सांध्यात तेल असू शकतं, विशेषतः फिगर सेकंडहँड असेल तर. घट्ट सांधा मोकळा करायला आपल्याकडे सर्रास खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालतात. ते सांध्यातून सहज निघत नाही. माझ्याकडे आलेल्या एका सुपरमॅनचे दोन्ही खुबे पावसाळ्यात गळायचे आणि थंडीत आखडायचे. वास घेतला तेव्हा कळलं, आत खोबरेल होतं आणि थंडीत ते थिजत होतं. साबणाने तीनदा धुतल्यावर खुबे आपोआप घट्ट झाले.

धुऊन वाळवूनही सैल असेल तर पांढरा फेविकॉल, तोच लाकडाचा. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी. गोळा वाटीतून निघणारा असेल तर आधी सांधा कोमट पाण्यात धरून मग ओढा. गार असताना ओढलेल्या खुंट्याच मोडतात. गोळ्यावर टूथपिकने पातळ थर द्या आणि सांधा जोडण्याआधी पूर्ण वाळू द्या, एरवी एक दिवस, पावसाळ्यात दोन. कमी वाटलं तर दुसरा थर. हा गोंद इथे चिकटवायचं काम करत नाही, तो गोळ्याची जाडी केसभर वाढवतो, म्हणून वाटीत तो पुन्हा घट्ट बसतो. आवडलं नाही तर कोमट पाण्यात नखाने सोलून निघतो. माझा भर फेविकॉलवर आहे तो याचसाठी.

फेविक्विकने हेच जमतं, पण गोळा बाहेर काढूनच, थर संपूर्ण वाळवूनच. त्याच्या वाफेने आजूबाजूच्या काळ्या-निळ्या प्लास्टिकवर पांढरट धुकं बसतं आणि एक थेंब वाटीत गेला की सांधा कायमचा बंद. बंद सांधा उघडण्याच्या नादात मी पाय मोडलेले बघितले आहेत. पारदर्शक नेलपॉलिशही सुचवतात. त्यातलं द्रावण एबीएसला विरघळवू शकतं, मी ते वापरत नाही.

लहानपणच्या जी. आय. जो, म्हणजे सैनिकांच्या फिगर, ज्यांनी जपल्यात त्यांच्यासाठी दोन ओळी. १९८२ पासूनच्या पावणेचार इंची जी. आय. जो, आणि आपल्याकडे फनस्कूलने काढलेल्या, कमरेत एका रबरी रिंगवर बांधलेल्या असतात. पाय लोंबकळतात तेव्हा सांधा गेलेला नसतो, रिंग कुजलेली असते. पाठीतला स्क्रू उघडून त्याच जाडीची ओ-रिंग घातली की झालं. स्क्रू परत बसवताना लागला की थांबा, आवळू नका.

इथे हात थांबवा

सांध्याभोवती पांढरी रेघ दिसली तर थांबा. गडद प्लास्टिकवर ती ठळक दिसते: खुब्याच्या वाटीच्या काठावर, नखाएवढी, दुधाळ. प्लास्टिक ताणलं गेलंय आणि तडा सुरू झालाय. अशा सांध्याला गरम पाणी नको, गोंद नको, आणखी एक पोजही नको. फिगर आडवी ठेवा आणि जाणकाराला फोटो पाठवा.

खुंटी मोडून आत अडकली असेल तर ती ड्रिलने काढून आत धातूची बारीक सळी बसवावी लागते. हात सरळ नसेल तर ड्रिल मांडीच्या बाहेर येतं. ते काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडे द्या.

तारा, दिवे किंवा धातूचे भाग असलेली एक-षष्ठांश फिगर स्वतः उघडू नका. कापडी सूटच्या आत सैल झालेला खुबा दुरुस्त करायला सूट उतरवावा लागतो आणि रेक्झिनसारखं अस्तर जुनं असेल तर ते तिथेच सोलवटतं.

जुन्या फिगरचंही तसंच. १९७० च्या दशकातल्या मेगो कंपनीच्या आठ इंची हिरोंचे कपडे खरे शिवलेले आहेत. केनर कंपनीच्या १९८४ ते १९८६ मधल्या सुपर पॉवर्स फिगरच्या अंगात यंत्रणा असते, सुपरमॅनचे पाय दाबले की हात ठोसा मारतो. तिथे पाय सैल वाटणं हा त्या यंत्रणेचा दोष असू शकतो. गरम पाण्याने ती दुरुस्त होत नाही आणि मूळ भाग बदलला की संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते.

आणि फेविकॉलचे दोन थर देऊन, तीन दिवस थांबून, सांधा पुन्हा तितकाच सैल झाला तर तिसरा थर देऊ नका. वाटीच चिरलेली असते, बाहेरून दिसत नाही एवढंच.

फिगर दुरुस्त आणि कस्टमाइझ करणारे कारागीर आता बऱ्याच शहरांत आहेत. देण्याआधी त्यांनी दुरुस्त केलेल्या सांध्यांचे जवळून काढलेले फोटो मागा. ड्रिल करणार का, कुठला गोंद वापरणार, रंग लागेल का, हे आधी विचारा आणि पैसे आधी ठरवा.

रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना एक विनंती. खोक्यातून काढल्या काढल्या पोज देऊन फोटो टाकू नका. मी फिगर दोन दिवस काचेच्या फळीवर, आधाराशिवाय, सरळ उभी ठेवते आणि मगच घोट्यांबद्दल लिहिते. वाचणारा त्या वाक्यावर विसंबून हजारो रुपये घालणार असतो.

दुरुस्तीला पाठवताना फिगर साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळा, वर बबल रॅप. बबल रॅप थेट रंगाला लावला तर उन्हात त्याचे गोल ठसे उमटतात. मोडलेला तुकडा कितीही बारीक असो, वेगळ्या पुडीत घाला आणि पुडीवर लिहा: उजवा खुबा, आतली खुंटी.